वर्डप्रेसचं ॲक्टिव्हिटीपब प्लगइन: प्रतिसाद पुन्हा लेखाखाली आणणारं साधन

मराठी ब्लॉगवर लेख प्रसिद्ध होतो आणि त्याच्यावरची चर्चा कुठल्यातरी व्हॉट्सॲप गटात होऊन विरून जाते. सहा महिन्यांनी तो लेख शोधत येणाऱ्या वाचकाला त्या चर्चेचा मागमूस लागत नाही. एका ब्लॉगचा वाचक दुसऱ्या ब्लॉगच्या वाचकाला ओळखत नाही. पूर्वी हे काम करणारी साधनं होती. मराठी ब्लॉग विश्वसारख्या संकलनांवर ताज्या लेखांची यादी दिसायची, गूगल रीडरमध्ये शंभर ब्लॉगांचं लिखाण एका ठिकाणी वाचता यायचं, ब्लॉगच्या कडेला फॉलोअर्सचे चेहरे दिसायचे. गूगलने चेहऱ्यांची ती सोय, म्हणजे फ्रेंड कनेक्ट, ब्लॉगरबाहेरच्या संकेतस्थळांसाठी २०१२ मध्ये थांबवलं, १ जुलै २०१३ रोजी रीडर बंद केलं आणि २०२१ मध्ये नवे लेख वाचकांना ईमेलने पाठवणारी फीडबर्नरची सेवाही काढून घेतली. लेखक आणि वाचकांना जोडणारे तिन्ही धागे एकाच कंपनीच्या हातात होते, आणि ते एकेक करून सुटले.

म्हणून वर्डप्रेसच्या ॲक्टिव्हिटीपब प्लगइनकडे आम्ही गांभीर्याने पाहतो. ॲक्टिव्हिटीपब म्हणजे वेगवेगळ्या संकेतस्थळांनी एकमेकांशी बोलण्याची ठरलेली पद्धत, ते कुणा एका कंपनीचं उत्पादन नाही. जानेवारी २०१८ मध्ये वेबची प्रमाणं ठरवणाऱ्या वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्टियमने त्याला प्रमाण म्हणून मान्यता दिली. मॅस्टडॉन हे ट्विटरसारखं समाजमाध्यम आणि त्याच्यासारखी इतर अनेक स्थळं याच प्रमाणावर एकमेकांशी बोलतात, आणि या सगळ्या विस्ताराला फेडिव्हर्स म्हणतात. जीमेलवाला याहूवाल्याला पत्र पाठवतो तसंच इथे एका सर्व्हरवरचा वाचक दुसऱ्या सर्व्हरवरच्या लेखकाला फॉलो करतो. मॅथियास फेफर्ले यांनी लिहिलेलं हे प्लगइन मार्च २०२३ मध्ये वर्डप्रेस डॉट कॉम चालवणाऱ्या ऑटोमॅटिक कंपनीने घेतलं, त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये त्याची १.० आवृत्ती आली आणि ऑक्टोबरमध्ये वर्डप्रेस डॉट कॉमच्या सगळ्या ब्लॉगांना ही सोय खुली झाली. प्लगइन मोफत आहे.

त्याने होतं ते इतकं: तुमचा ब्लॉग स्वतःच एक खातं बनतो. वाचक मॅस्टडॉनवरून त्या खात्याला फॉलो करतो. तुम्ही लेख प्रसिद्ध केलात की तो त्याच्या टाइमलाइनवर पोचतो. त्याने तिथे उत्तर लिहिलं की ते तुमच्या लेखाखाली कमेंट म्हणून येतं. तुम्ही वर्डप्रेसमधून त्या कमेंटला उत्तर दिलंत की ते परत त्याच्या मॅस्टडॉनवर जातं. आवडल्याची खूण आणि पुढे पाठवल्याची नोंदही नव्या आवृत्त्यांत लेखाशी जोडली जाते. चर्चा लेखाजवळ राहते आणि तिची नोंद तुमच्या स्वतःच्या डेटाबेसमध्ये होते. ही एवढी गोष्ट प्लगइन चोख करतं, आणि आमच्या मते तेवढ्यासाठीच ते टाकावं.

बसवणं दहा मिनिटांचं काम आहे. पण काही निर्णय सुरू करण्याआधीच घ्यावे लागतात, कारण नंतर ते फिरवले तर जमलेले फॉलोअर हातचे जातात.

पहिला निर्णय नावाचा. प्लगइन दोन प्रकारची खाती देतं: प्रत्येक लेखकाचं वेगळं, किंवा अख्ख्या ब्लॉगचं एक. दोन्ही एकत्रही चालू ठेवता येतात. एकट्याचा ब्लॉग असेल तर लेखकाचं खातं पुरे. चार-पाच जण मिळून लिहीत असाल तर ब्लॉगचं खातं ठेवा, म्हणजे नवा लेखक आला किंवा जुना गेला तरी वाचक तुटत नाही. लेखकाच्या खात्याचं नाव त्याच्या वर्डप्रेसमधल्या युजरनेमवरून बनतं. कित्येक मराठी ब्लॉग कुणीतरी घाईघाईने उभारून दिलेले असतात आणि त्यांचं युजरनेम 'ॲडमिन' असतं. ते तसंच राहिलं तर जगाला तुम्ही 'ॲडमिन ॲट अमुक डोमेन' म्हणून दिसाल. शिवाय लॉगिनचं नावही उघड होईल. आधी रोमन लिपीतल्या चांगल्या नावाचा नवा वापरकर्ता तयार करा, लेख त्याच्या नावावर वळवा, मग प्लगइन सुरू करा. दाखवायचं नाव देवनागरीत ठेवता येतं आणि ते ठेवावंच.

दुसरा निर्णय डोमेनचा. फॉलोअर डोमेनला बांधलेले असतात. पुढच्या वर्षी डोमेन बदलायचा विचार असेल तर आधी बदला, मग हे प्लगइन टाका. वर्डप्रेस एखाद्या उपफोल्डरमध्ये बसवलेलं असेल, म्हणजे पत्ता 'डोमेन, तिरकी रेघ, ब्लॉग' असा असेल, तर आणखी एक अडचण येते. खातं शोधताना दुसरे सर्व्हर डोमेनच्या मुळाशी असलेल्या 'वेल-नोन' या ठरावीक पत्त्यावर वेबफिंगरची, म्हणजे 'हे खातं कुठे आहे' अशी, विचारणा करतात, आणि तिथे वर्डप्रेस नसल्यामुळे त्यांना काही सापडत नाही. मुळाशी असलेल्या एचटीॲक्सेस या सर्व्हरच्या नियमांच्या फाइलमध्ये त्या पत्त्याच्या वेबफिंगर आणि नोडइन्फो (स्थळाची माहिती) या दोन्ही विचारणा उपफोल्डरकडे वळवणारी एक ओळ घालावी लागते. प्लगइनच्या माहितीपानावर ती तयार मिळते.

तिसरी गोष्ट पर्मालिंक, म्हणजे लेखांच्या पत्त्यांची रचना. ती 'प्लेन' असेल तर प्लगइन चालतच नाही, सेटिंग्जमध्ये जाऊन 'पोस्ट नेम' निवडा. एचटीटीपीएस हवंच. हे झालं की वर्डप्रेसच्या 'साइट हेल्थ' पानावर प्लगइनच्या स्वतःच्या तपासण्या दिसतात. त्या हिरव्या झाल्याशिवाय पुढे जाऊ नका.

मराठी ब्लॉगसाठी चौथी गोष्टही महत्त्वाची आहे, आणि ती सहसा कुणी सांगत नाही. वर्डप्रेसच्या सर्वसाधारण सेटिंग्जमध्ये संकेतस्थळाची भाषा निवडलेली असते. बहुतेक मराठी ब्लॉगांवर ती इंग्रजीच असते, कारण डॅशबोर्ड इंग्रजीत सोयीचा वाटतो. प्लगइन त्याच सेटिंगवरून लेखाची भाषा ठरवून पाठवतं. मग देवनागरीत लिहिलेला लेख मॅस्टडॉनवर 'इंग्रजी' म्हणून पोचतो. ज्यांनी सार्वजनिक टाइमलाइनला मराठीची चाळण लावली आहे त्यांना तो दिसत नाही आणि भाषांतराचं बटणही चुकीचं वागतं. संकेतस्थळाची भाषा 'मराठी' करा. डॅशबोर्ड इंग्रजीतच हवा असेल तर आपल्या प्रोफाइलमध्ये स्वतःपुरती भाषा वेगळी निवडता येते.

लेखाच्या पत्त्याचंही असंच आहे. वर्डप्रेस शीर्षकावरून पत्ता बनवतं आणि तो २०० चिन्हांत बसवतं. देवनागरीतलं प्रत्येक अक्षरचिन्ह, म्हणजे मूळ अक्षर, काना, वेलांटी, अनुस्वार, हलन्त, हे सगळं सुटं सुटं मोजून, यूटीएफ-८ मध्ये ३ बाइट घेतं आणि पत्त्यात त्याची ९ चिन्हं होतात. याचा अर्थ जेमतेम २२ देवनागरी चिन्हं मावतात. 'दिवाळी अंकांची बदलती बाजारपेठ' हे शीर्षक द्या, पत्ता 'दिवाळी-अंकांची-बदलती-बाज' इथे तुटेल. तो दुसरीकडे चिकटवला की टक्केचिन्हांची लांबच लांब माळ दिसते आणि वाचक तिला हात लावायला कचरतो. प्रसिद्ध करण्याआधी पत्त्याच्या चौकटीत रोमन लिपीत तीन-चार शब्दांचा पत्ता स्वतः लिहावा. ब्लॉगरवर याच्या उलट होतं: तिथे देवनागरी अक्षरं गाळली जातात आणि पत्ता नुसता 'ब्लॉग-पोस्ट' आणि पुढे एखादा आकडा असा उरतो. तिथेही उपाय तोच, फक्त तो लेख प्रसिद्ध होण्यापूर्वीच करता येतो.

आता लेख पोचतो कसा ते. मॅस्टडॉनवर लिहिण्याची मर्यादा सहसा ५०० अक्षरांची असते, पण ती तिथे लिहिणाऱ्याला. बाहेरून आलेला लांब लेख पूर्ण पोचतो आणि 'पुढे वाचा' या दुव्यामागे दुमडला जातो. लेख 'आर्टिकल' म्हणून पाठवला तर मॅस्टडॉनने आजवर बहुधा शीर्षक आणि दुवा एवढंच दाखवलं आहे. 'नोट' म्हणून पाठवला तर मजकूर दिसतो. ललित लेख, पाककृती, प्रवासवर्णन यांसाठी आमचा कौल असा: प्लगइनच्या साच्यात शीर्षक, उतारा, दुवा आणि टॅग या क्रमाने ठेवावं आणि उतारा वर्डप्रेसच्या 'एक्सर्प्ट' चौकटीत हाताने लिहावा. आपोआप घेतलेला उतारा सुरुवातीच्या काही ओळींवरच तुटतो, आणि मराठी लेखाच्या पहिल्या ओळी बहुतेकदा प्रस्तावनेतच खर्च झालेल्या असतात. कविता मात्र पूर्ण पाठवावी. अर्धी कविता आणि 'पुढे वाचा' हा वाचकावर अन्याय आहे.

टॅगबाबत थोडी काळजी घ्या. वर्डप्रेसचे टॅग प्लगइन हॅशटॅगमध्ये बदलून पाठवतं. देवनागरी टॅगमधल्या काना-मात्रा दुसऱ्या टोकाला शाबूत आहेत का, हे पहिला लेख पाठवून मॅस्टडॉनवर डोळ्यांनी पाहा. प्रत्येक मोठ्या अपडेटनंतर पुन्हा पाहा. जोडीला एक रोमन लिपीतला टॅग ठेवावा. नोव्हेंबर २०२२ मध्ये आलेल्या ४.० आवृत्तीपासून मॅस्टडॉनवर टॅगलाही फॉलो करता येतं. दहा ब्लॉगांनी ठरवून एकच टॅग वापरला, तर तो टॅग फॉलो करणाऱ्या वाचकाला दहाही ब्लॉग एका ठिकाणी दिसतात. जुनी संकलनं जे करत होती, त्याच्या जवळ जाणारं हेच.

यालाही एक अट आहे. तुमचा लेख एखाद्या सर्व्हरवर पोचतो तो तिथला निदान एक जण तुम्हाला फॉलो करत असेल किंवा कुणीतरी तो पुढे पाठवला असेल तरच. ज्या सर्व्हरला तुमची ओळखच नाही, तिथे टॅग शोधला तरी तुमचा लेख सापडणार नाही. सुरुवातीला सगळे ओळखीचे एकाच सर्व्हरवर गोळा करण्यापेक्षा पाच वेगवेगळ्या सर्व्हरांवर एकेक फॉलोअर मिळवणं जास्त उपयोगाचं. जुने लेखही मागे जाऊन पोचत नाहीत. कुणी आज फॉलो केलं तर त्याला आजपासूनचे लेख मिळतात, प्रोफाइल रिकामं दिसतं, आणि 'हा ब्लॉग बंद पडलाय' असा गैरसमज होतो. पहिल्या एकाने फॉलो केलं की लगेच दोन-तीन नवे लेख प्रसिद्ध करण्याची तयारी ठेवावी, मग इतरांना फॉलो करायला सांगावं.

बिघाडांपैकी सगळ्यात त्रासदायक बिघाड कॅशिंगचा, म्हणजे पानाची तयार प्रत साठवून तीच पुन्हा पुन्हा देण्याच्या सोयीचा. त्याचं कारण समजून घेण्यासारखं आहे. लेखाचा पत्ता एकच असतो, पण मागणारे दोन प्रकारचे. ब्राउझर आला तर त्याला वेबपान द्यायचं, मॅस्टडॉनचा सर्व्हर आला तर त्याच पत्त्यावर जेसन या यंत्रांना वाचायच्या स्वरूपातली माहिती द्यायची. कोण काय मागतंय ते विनंतीच्या 'ॲक्सेप्ट' या मथळ्यात लिहिलेलं असतं. कॅशिंगचं प्लगइन मात्र पुष्कळदा फक्त पत्ता बघतं आणि साठवलेली प्रत देऊन टाकतं. मग दोनपैकी एक होतं. मॅस्टडॉनच्या शोधचौकटीत तुमचं खातं सापडतं, पण लेखाचा पत्ता टाकला तर लेख उघडत नाही, कारण त्या सर्व्हरला वेबपान मिळालं. किंवा त्याहून वाईट म्हणजे वाचकाच्या ब्राउझरमध्ये लेखाऐवजी महिरपी कंसांनी भरलेला कोड दिसतो, कारण जेसनची प्रत साठवली गेली.

कॅशिंग बंद करून टाका असा सल्ला मिळतो. तो स्वस्त शेअर्ड होस्टिंगवर अंगाशी येतो. तुमचा लेख कुणी मोठ्या खात्याने पुढे पाठवला की शेकडो सर्व्हर दुव्याची झलक बनवण्यासाठी एकाच वेळी तुमच्या पानावर येतात, आणि कॅशिंगशिवायचं वर्डप्रेस तिथेच गुडघे टेकतं. म्हणून कॅशिंग ठेवायचं, पण शिकवून ठेवायचं. प्लगइनच्या प्रगत सेटिंग्जमध्ये 'व्हेरी हेडर' हा पर्याय आहे, मागणाऱ्यानुसार प्रत वेगळी ठेवा असं तो कॅशला सांगतो, तो चालू करा. कॅशिंग प्लगइनमध्ये ॲक्टिव्हिटी-जेसन मागणाऱ्या विनंत्या वगळण्याचा नियम घाला. लाइटस्पीड कॅश या कॅशिंग प्लगइनसाठी अलीकडच्या आवृत्त्यांत ॲक्टिव्हिटीपब प्लगइन स्वतःच तसा नियम लिहितं. वाचक आणि तुमचा सर्व्हर यांच्यामध्ये उभी राहणारी क्लाउडफ्लेअर ही सेवा वापरत असाल तर मूळ मांडणीत ते वेबपानं साठवत नाही, त्यामुळे काही बिघडत नाही. पण 'कॅश एव्हरीथिंग' लावलं असेल तर वरचीच गत होते, कारण 'व्हेरी'मधला 'ॲक्सेप्ट' ते पानांसाठी जुमानत नाही. नियम बदलल्यावर जुनी साठवण पूर्ण पुसायला विसरू नका. अर्धे लोक इथेच अडकतात.

दुसरा बिघाड सुरक्षेच्या प्लगइनांमुळे. काही प्लगइनं लॉगिन नसलेल्यांना वर्डप्रेसचा रेस्ट एपीआय, म्हणजे बाहेरच्या यंत्रांनी ब्लॉगशी बोलायचं दार, पूर्ण बंद करतात. फेडिव्हर्समधून येणारं प्रत्येक उत्तर, प्रत्येक फॉलो त्याच दारातून, 'डब्ल्यूपी-जेसन' खालच्या 'ॲक्टिव्हिटीपब' या पत्त्यावर येतो. ते दार बंद असेल तर तुमचे लेख बाहेर जातील, आत काहीच येणार नाही. फॉलोअरचा आकडा शून्यावर अडलाय असं दिसलं तर आधी इथे पाहा. यंत्रमानवी भेटी अडवणारी फायरवॉल असेल तर तिथेही या पत्त्याला सूट द्यावी लागते.

तिसरा प्रकार उशिराचा. प्लगइन लेख लगेच पाठवत नाही, वर्डप्रेसच्या क्रॉनच्या, म्हणजे ठरवून दिलेली कामं करणाऱ्या यंत्रणेच्या, रांगेत टाकतं. हा क्रॉन घड्याळावर चालत नाही, कुणी ब्लॉगला भेट दिली की चालतो. दिवसाला वीस वाचक येणाऱ्या ब्लॉगवर लेख तासभर रांगेत पडून राहू शकतो. होस्टिंगच्या सीपॅनेलमध्ये दर ५ मिनिटांनी क्रॉनची फाइल चालवणारं काम लावा आणि कॉन्फिग फाइलमध्ये वर्डप्रेसचा स्वतःचा क्रॉन बंद करा. एवढ्याने बहुतेक 'लेख पोचलाच नाही' तक्रारी मिटतात.

कमेंटांच्या बाबतीत दोन मर्यादा स्वीकाराव्या लागतात. ब्लॉगवर खातं नसलेल्या वाचकाने नेहमीच्या चौकटीत लिहिलेली कमेंट फेडिव्हर्सवर जात नाही, फक्त नोंदणी केलेल्या वापरकर्त्यांची जाते. त्यामुळे ब्लॉगवरचा वाचक आणि मॅस्टडॉनवरचा वाचक एकमेकांशी थेट बोलू शकत नाहीत. मध्ये लेखकाला दुवा व्हावं लागतं. नेमाने लिहिणाऱ्या वाचकांना ब्लॉगचे वापरकर्ते म्हणून नोंदवून घेणं हा चांगला मार्ग आहे. आणि मॅस्टडॉनवर उत्तराला उत्तर देताना कुणी तुमचा उल्लेख पुसला तर ती शाखा तुमच्यापर्यंत येत नाही. चर्चेत मधलाच एखादा दुवा निखळल्यासारखा वाटला तर कारण हे असतं. वर्डप्रेसची कमेंटांची खोली मुळात ५ पायऱ्यांची असते, ती १० करावी, फेडिव्हर्सवरच्या चर्चा खोल जातात. मंजुरीची सोय नेहमीप्रमाणेच चालते. नवख्या माणसाची कमेंट मंजुरीसाठी थांबवणारा पर्याय चालूच ठेवा. लेख पुसला किंवा बदलला तर तसा निरोप सगळ्या सर्व्हरांना जातो. बहुतेक जण तो पाळतात, पण पाळायलाच लावेल असं कुणी नाही. जे परत घ्यावं लागेल असं वाटतं, त्या लेखासाठी संपादकाच्या कडेच्या पट्टीत 'फेडिव्हर्सवर पाठवू नका' हा पर्याय आहे.

मराठी वाचक तिथे आहेत का, हा प्रश्न रास्त आहे. आहेत, पण थोडे. नोव्हेंबर २०१९ मध्ये भारतातून मॅस्टडॉनवर मोठी लाट गेली होती आणि तेवढ्याच वेगाने ओसरली. त्यामुळे हे प्लगइन टाकलं आणि वाचकसंख्या वाढली असं होणार नाही. पाच-सहा ब्लॉगर एकत्र आले, एकमेकांना फॉलो केलं, आणि कौतुकाच्या एका शब्दाऐवजी लेखाला चार वाक्यांचं उत्तर द्यायची सवय लावून घेतली, तर मात्र इथे जे उभं राहतं ते टिकतं. दुसऱ्यांचे ब्लॉग वर्डप्रेसमध्येच वाचायचे असतील तर ॲलेक्स कर्क यांचं 'फ्रेंड्स' प्लगइन जोडीला टाका. ते आरएसएस फीड, म्हणजे ब्लॉग आपोआप बनवतो ती ताज्या लेखांची यादीही वाचतं आणि या प्लगइनच्या साथीने फेडिव्हर्सवरची खातीही.

वर्डप्रेस डॉट कॉमच्या मोफत ब्लॉगवर यातलं काहीच बसवावं लागत नाही. चर्चेच्या सेटिंग्जमध्ये फेडिव्हर्सचा पर्याय चालू केला की झालं. मात्र तिथे ब्लॉगचं एकच खातं मिळतं आणि त्याचा पत्ता लांबलचक होतो. घोस्ट या दुसऱ्या ब्लॉगप्रणालीवर लिहिणाऱ्यांना ऑगस्ट २०२५ मधल्या ६.० आवृत्तीपासून ही सोय आतच मिळते.

ब्लॉगरवर असलेल्यांना ही सोय नाही, आणि मराठीतले कितीतरी उत्तम ब्लॉग तिथेच आहेत. त्यांना गटात घ्यायचं तर आरएसएस हाच रस्ता. ब्लॉगरच्या सेटिंग्जमध्ये फीड 'फुल' ठेवायला सांगा, 'शॉर्ट' असेल तर फीड वाचणाऱ्या साधनात फक्त तुकडा येतो. वर्डप्रेसवाल्यांनी 'रीडिंग'मध्ये 'फुल टेक्स्ट' निवडावं आणि फीडमधल्या लेखांची संख्या मूळच्या १० वरून २० करावी, म्हणजे महिनाभराने डोकावणाऱ्याचं काही निसटत नाही. नंतर ब्लॉगच्या कडेला मित्रब्लॉगांची यादी लावा. वर्डप्रेस ३.५ पासून नव्या ब्लॉगवर दुव्यांची ही सोय लपलेली असते, 'लिंक मॅनेजर' प्लगइन टाकलं की ती परत येते. प्रत्येक दुव्याच्या प्रगत चौकटीत त्या ब्लॉगच्या फीडचा पत्ता भरा. ब्लॉगरसाठी तो 'फीड्स, पोस्ट्स, डिफॉल्ट' या शेपटीचा असतो, वर्डप्रेससाठी नुसता 'फीड'. एवढं भरलं की वर्डप्रेस त्या यादीतल्या फीडच्या पत्त्यांची एक फाइल (ओपीएमएल) स्वतःहून बनवून देतं. तिचा दुवा यादीखाली ठेवा. वाचक ती फाइल फीडली, इनोरीडर किंवा नेटन्यूजवायर अशा फीड वाचणाऱ्या साधनात एकदा उघडतो आणि गटातले सगळे ब्लॉग त्याच्याकडे एकदम पोचतात. नवा ब्लॉग गटात आला की यादीत भर घाला आणि तसं एका छोट्या लेखात कळवा, कारण आधी घेतलेली फाइल वाचकाकडे आपोआप बदलत नाही.